पिकअपच्या मोठ्या इंजिनाला तपासणीचा रस्ता द्या

प्रति,
राज्याच्या मोटार वाहन विभागात नियम आणि कार्यपद्धती ठरवणारे अधिकारी

महोदय,

जुन्या पिकअपचं १९४८ सीसीचं इंजिन उतरवून तिथे २९५६ सीसीचं चढवायचं, हे काम मुंबई-ठाण्याच्या गॅरेजांत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. कायद्याला ते मान्य नाही, म्हणून आरसीवर त्याची नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून तपासणीही नाही. त्यामुळे मापात केलेलं काम आणि जुगाड करून ढकललेलं काम, अशा दोन्ही गाड्या एकाच कागदावर एकाच घाटातून उतरतात. रस्त्यावर उभ्या निरीक्षकाला त्यांतली कोणती सुरक्षित आहे हे कळायला काही साधन नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही इंजिन फिटर, वायरमन, लेथवाले आणि एकाच पिकअपवर घर चालवणारे मालक आहोत. गाडी पकडली तर दंड मालकाला बसतो, वाईट काम झालं तर नाव गॅरेजचं जातं, आणि ब्रेक लागला नाही तर रस्त्यावरच्या माणसाचा जीव जातो. म्हणून आता गप्प बसणं आम्हाला शक्य नाही.

मोठं इंजिन लागतं कशाला, ते आधी सांगतो, कारण हा विषय बऱ्याचदा ‘शौक’ म्हणून बाजूला टाकला जातो. १९८८ मध्ये आलेल्या टाटा मोबाइल २०६ ला ४८३ इंजिन होतं. चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास), हे त्याच्या नावातच आहे. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ९० मिलिमीटर. ४०७ ट्रकमध्ये चालत आलेलं ४९७ म्हणजे ९७ चा बोअर आणि १०० चा स्ट्रोक. घनक्षमता दीडपट होते, पण खरा फरक पडतो तो ओढण्यात. लहान इंजिनाला ताकद द्यायला आरपीएम चढवावे लागतात, मोठं इंजिन तीच ताकद खालच्या आरपीएमवर देतं. ससून डॉकवरून बर्फात भरलेली मासळी घेऊन कसारा घाट चढणाऱ्या गाडीला नेमकं हेच हवं असतं. दुसरं कारण सुट्या भागांचं. लहान इंजिनाचा झिजलेला ब्लॉक शेवटच्या वाढीव मापापर्यंत (ओव्हरसाइझ) बोअर करून झाला की मालक अडतो, आणि ४०७ च्या इंजिनाचे पिस्टन, लायनर, बेअरिंग ऑपेरा हाउसच्या बाजारात सहज मिळतात. पुढे त्याच कंपनीने २०७ डीआय पिकअपला कारखान्यातूनच २९५६ सीसीचं इंजिन दिलं. फरक इतकाच, की कारखाना इंजिन मोठं करतो तेव्हा क्लच, रेडिएटर, क्राउन-पिनियन (मागच्या धुरीचे गिअर) आणि ब्रेक यांचाही हिशेब मांडतो. गॅरेजमध्ये हा हिशेब मांडायचा की नाही, हे आज मालकाच्या खिशावर आणि फिटरच्या मनावर आहे.

आमची पहिली तक्रार मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ बद्दल आहे. आरसीवरचा तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही, असं हे कलम सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ पक्का केला. त्यामागचा सुरक्षेचा विचार आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण त्याच वर्षीच्या दुरुस्तीत दोन गोष्टी आल्या. कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. आणि कलम ५२ मध्ये केंद्र सरकारला बदलांची मानकं आणि मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार मिळाला. यांतली शिक्षा आमच्यापर्यंत पोहोचली. जुन्या पिकअपमध्ये मोठं डिझेल इंजिन बसवण्याची मानकं मात्र पोहोचली नाहीत, आणि त्यासाठी भरायचा अर्ज खिडकीवर मागितला तर मिळत नाही.

दुसरी तक्रार थोडक्यात. ज्याच्याकडे किमान १० मालवाहू किंवा प्रवासी वाहनं आहेत, त्याला त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन पूर्वमंजुरीशिवाय बदलू देण्याची मुभा राज्य सरकार कलम ५२(२) खाली देऊ शकतं. एका पिकअपच्या मालकाला ही सवलत नाही. दहा गाड्यांच्या मालकावर जो विश्वास ठेवता येतो, तो एका गाडीच्या मालकावर का ठेवू नये, याचं तांत्रिक कारण आम्हाला सापडलेलं नाही. शिवाय ‘त्याच प्रकारचं’ म्हणजे नेमकं काय, याचा अर्थ टेबलागणिक बदलतो.

तिसरी तक्रार इंधनाच्या बाबतीत होणाऱ्या भेदाची. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेण्यासाठी कायद्यात रस्ता आहे. डिझेल इंजिन काढून नवं सीएनजी इंजिन बसवण्याचीही तरतूद केंद्रीय नियमांत आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर सीएनजीवर गेल्या, तेव्हा २०० बार दाबाचा सिलिंडर डिकीत बसवण्यासाठी व्यवस्था उभी राहिली. किटला प्रकार-मंजुरी (नमुना एकदा तपासून दिलेली मंजुरी), बसवायला अधिकृत वर्कशॉप, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट आणि आरसीवर नोंद, असं सगळं त्यात आलं. या शहराने ती व्यवस्था चालवून दाखवली आहे. दाबाखालचा गॅस जर नियमात बसवता येतो, तर डिझेलच्या जागी डिझेल का बसवता येऊ नये?

चौथी तक्रार सगळ्यात महत्त्वाची आहे, म्हणून ती सविस्तर मांडतो. आज तपासणी होते ती इंजिन नंबराची. नंबर जुळला तर गाडी पास, नाही जुळला तर गाडी बंद. गाडीखाली वाकून काम कसं झालंय हे कोणी पाहत नाही. मोठं इंजिन बसवल्यावर काय बिघडतं आणि कुठे बघावं, ते क्रमाने लिहितो.

सुरुवात चेसिसपासून. मासळी वाहणाऱ्या गाडीत बर्फाचं खारं पाणी फळ्यांतून झिरपतं आणि चेसिस मागच्या बाजूने आतून खातं. वरून रंग चांगला दिसतो, पण छोट्या हातोडीने ठोकलं की जिथे ठणठण आवाजाऐवजी बद्द आवाज येतो तिथे पत्रा उरलेला नसतो. अशा गाडीत मोठं इंजिन बसवूच नये, ती भंगारातच जायला हवी. चांगल्या चेसिसवरही फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन बसतं त्या आधाराचे, ब्रॅकेट कसे लावले आहेत हे बघावं. चॅनेलच्या उभ्या बाजूला भोक पाडून ८.८ ग्रेडच्या बोल्टने ब्रॅकेट आवळणं योग्य. खालच्या-वरच्या आडव्या पट्टीला भोक पाडणं किंवा तिच्या कडेवर आडवं वेल्डिंग मारणं चूक, कारण वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो आणि वेल्डिंगच्या शेजारून तडा सुरू होतो. घाईच्या कामात नेमकं हेच दिसतं.

इंजिनचा चेंबर, म्हणजे खालची तेलाची टाकी, मोठा असला की तो क्रॉस मेंबरला किंवा स्टिअरिंगच्या रॉडला लागतो. मग चेंबर ठोकून आत दाबला जातो. त्याने तेल शोषणाऱ्या गाळणीखालची जागा कमी होते आणि चढावर गाडी तिरकी झाली की तेलाचा दाब पडतो. बेअरिंग घासलं जाण्याचं हे नेहमीचं कारण. पाटे (स्प्रिंग) पूर्ण दबल्यावरही चेंबरखाली किमान २५ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. ती उरत नसेल तर फाउंडेशनची उंची बदलावी, चेंबरला हातोडी लावू नये.

इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळ्या घराण्यातले असतील तर मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट येते. ही प्लेट लेथवर बनते आणि नुसती भोकं जुळली म्हणून बसवली जाते. खरं माप वेगळं आहे. क्रँकच्या मध्याशी बेल हाउसिंगचं (क्लचवरच्या कवचाचं) भोक किती एककेंद्री आहे, ते फ्लायव्हीलवर डायल गेज लावून, पूर्ण फेरा फिरवून बघायचं. काटा पाव मिलिमीटरपेक्षा जास्त हलला तर डॉवेल पिन बदलून प्लेट सरकवायची. हे केलं नाही तर क्लच पूर्ण सुटत नाही, पहिला गिअर पडताना कुरकुरतो आणि काही महिन्यांत पायलट बेअरिंग जातं. क्लच प्लेटचा व्यास मोठ्या इंजिनाचा आणि स्प्लाइन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे, असं जोडावं लागतं. जुनीच क्लच प्लेट ठेवली तर ती पहिल्याच भरल्या घाटात वास सोडते.

गिअरबॉक्स मागे-पुढे झाला की जॉइंट शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या धुरीपर्यंत जाणाऱ्या दांड्याची, लांबी बदलते. कापून वेल्ड केलेला शाफ्ट बॅलन्सिंगला न पाठवता बसवणं हा गुन्हा समजला पाहिजे. दोन्ही क्रॉसचे (शाफ्टच्या टोकांच्या सांध्यांचे) कोन साधारण ३ अंशांच्या आत आणि एकमेकांपासून एका अंशाच्या आत असावेत, योक एका रेषेत असावेत, आणि स्लाइडिंग जोडाला आत जायला सुमारे २५ मिलिमीटर जागा असावी. ती नसेल तर खड्ड्यात शाफ्ट गिअरबॉक्सलाच ढकलतो. वेगात तुटलेला शाफ्ट पुढचं टोक जमिनीत रोवून गाडी उचलतो. त्यासाठी शाफ्टखाली लोखंडी पट्ट्याचा आधार सक्तीचा करा. खर्च किरकोळ आहे.

पाणी गरम होणं ही मालकांची पहिली तक्रार असते. दीडपट इंजिन आणि तोच जुना दोन रांगांचा रेडिएटर, हे मे महिन्यात घोडबंदर रोडच्या कोंडीत टिकत नाही. कोअर तीन रांगांचा हवा, फॅन कोअरपासून साधारण २५ मिलिमीटरवर हवा, आणि फॅनभोवतीचं काउल हवंच. काउल नसेल तर फॅन तीच गरम हवा गोल फिरवतो. बरेच जण यावर उपाय म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्याने इंजिन कोंडीत गरम होतंच, वर पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर थंड राहून लायनर झिजतात.

आता ब्रेक. जुन्या देशी डिझेल गाड्यांत बूस्टरचा (ब्रेक पेडलची ताकद वाढवणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पंप बहुतेक अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. त्याला इंजिनातून तेलाची नळी येते आणि जाड नळीतून तेल परत जातं. इंजिन बदलताना अल्टरनेटर बदलला, पुली मोठी लागली किंवा परतीची नळी बारीक टाकली, की व्हॅक्यूम पडतो. पेडल रिकाम्या गाडीत नीट वाटतं आणि भरलेल्या गाडीत दगड होतं. याची चाचणी एका मिनिटाची आहे. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग दाबून धरून सेल्फ मारायचा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. त्यानंतर इंजिन बंद केल्यावरही दोन-तीन दाब मऊ मिळाले पाहिजेत, नाही मिळाले तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतो. ६० च्या जागी ८० ने गाडी उतरली तर ब्रेकला पावणेदोन पटीहून जास्त ऊर्जा जिरवावी लागते. ड्रम मात्र तेच असतात. मोठं इंजिन उतारावर गिअरमध्ये जास्त अडवतं हे खरं, पण ती मदत आहे, ब्रेक नव्हे. फिटनेसला ब्रेक बहुधा रिकाम्या गाडीचे बघितले जातात, आणि इंजिन बदललेल्या गाडीसाठी तेवढं पुरेसं नाही.

वायरिंगचं दोन गोष्टींत सांगतो. इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये जाड अर्थ पट्टी राहिली नाही, तर सेल्फचा सगळा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून रस्ता शोधतो. केबल लाल होते आणि आग तिथून लागते. दुसरं म्हणजे यांत्रिक पंपाचं स्टॉप सोलेनॉइड किंवा ओढायची तार जोडायची राहिली, तर चावी काढूनही इंजिन बंद होत नाही. हे दोन्ही निरीक्षकाला उभ्या उभ्या बघता येतं.

कॉमन रेल, म्हणजे एका सामायिक नळीतून जास्त दाबाने डिझेल सोडणारं, इंजिन चढवायचं असेल, समजा २५२३ सीसीच्या महिंद्रा पिकअपमध्ये २१७९ सीसीचं एमहॉक, तर घनक्षमता उलट कमी होते आणि टॉर्क वाढतो. म्हणजे फक्त सीसीवर बोट ठेवणारा नियम इथे आंधळा आहे. अशा कामात ईसीयू (इंजिनाचा संगणक), इमोबिलायझर, पेडल सेन्सर, क्रँक सेन्सर आणि पूर्ण हार्नेस (तारांचा संच) एकाच गाडीतून यायला हवा. वायर तोडून, पिळून, टेप गुंडाळून केलेले जोड जुलैत हिंदमाताच्या पाण्यात एकदा भिजले की गाडी पुलावर बंद पडते, आणि इंजिन बंद पडलं की बूस्टरची मदतही काही दाबांतच संपते. रेलचा दाब हजार बारच्या पुढे असतो. गळती हाताने चाचपणाऱ्या माणसाच्या कातडीत डिझेल घुसतं. म्हणून हे काम शिकलेल्या हातांनीच व्हावं. आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल ट्रेडमध्ये इंजिनबदलाचं प्रात्यक्षिक घातलं तर ते हात तयार होतील.

पाचवी तक्रार इंजिनाच्या मूळ कागदाची. चोरीच्या गाडीचं इंजिन दुसऱ्या गाडीत जाऊ नये, ही तुमची चिंता रास्त आहे आणि आमचीही तीच आहे. जुनं इंजिन घेताना दुकानदार साध्या कागदावर पावती देतो, नंबर घासलेला आहे की नाही हे अ‍ॅसिड लावल्याशिवाय समजत नाही, आणि पुढे पोलीस आले की उत्तर देतो तो शेवटचा मालक. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रं आली. तिथे गाडी येताना तिची कागदपत्रं तपासली जातात. मग त्याच गाडीचं चांगलं इंजिन विकताना नंबरासह दाखला देण्यात अडचण काय आहे?

धुराबद्दलही लोकांच्या मनात शंका असते. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला पीयूसीत ६५ एचएसयूपर्यंत (धुराच्या घनतेचं माप) धूर चालतो, बीएस-४ ला ५०. जुन्या गाडीत पुढच्या टप्प्याचं इंजिन आलं आणि त्याचं ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा भाग), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर ठेवलं, तर हवेत जाणारा धूर कमीच होईल. हे भाग काढून टाकणाऱ्या कामाला मंजुरी देऊ नका, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू.

आणि एक गोष्ट आमच्यातल्याच काही मालकांना आवडणार नाही, तरी लिहितो. मोठं इंजिन बसलं की एक टनाच्या गाडीत दोन टन भरण्याचा मोह होतो. इंजिन ओढतं, पण मागच्या धुरीचं हाउसिंग, टायर, पाटे आणि चेसिस तेच राहतात. इंजिनबदलाने भार वाहण्याची क्षमता एका किलोनेही वाढत नाही. मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी विमाही सीसीवर नाही, एकूण वजनावर ठरतो. तेव्हा आरसीवरचं एकूण वजन जसं आहे तसंच ठेवा. कोणी जास्त भरलं तर कलम १९४ चा २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहेच, तो लावा.

आमच्या मागण्या अशा:

१. कलम ५२ मधला मानकं ठरवण्याचा अधिकार जुन्या पिकअपच्या इंजिनबदलासाठी वापरावा, असा लेखी प्रस्ताव राज्याने केंद्राकडे पाठवावा आणि तो लोकांसमोर ठेवावा.

२. सीएनजी किटसारखी मॉडेलनिहाय प्रकार-मंजुरी असावी. फाउंडेशन, अ‍ॅडॉप्टर, क्लच, रेडिएटर, शाफ्ट आणि हार्नेस मिळून एक किट धरावं, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेने ते एकदा तपासावं आणि मंजूर वर्कशॉपने बसवावं. एकेका गाडीच्या चाचणीचा खर्च एका मालकाला झेपणारा नाही.

३. मर्यादा सीसीवर न ठेवता टॉर्कवर ठेवावी. गिअरबॉक्स आणि हाउसिंग जितका टॉर्क झेलू शकतात, त्याच्या आत इंजिन हवं. इंजिनाचा उत्सर्जन टप्पा गाडीच्या टप्प्याइतका किंवा त्यापुढचा हवा.

४. बदलानंतर भरलेल्या गाडीची ब्रेक चाचणी आणि वर लिहिलेल्या मुद्द्यांची खालून तपासणी सक्तीची करावी. वर्कशॉपच्या सहीचा दाखला फाइलमध्ये राहावा, म्हणजे चुकीची जबाबदारी काम करणाऱ्यावर येईल.

५. एका गाडीच्या मालकालाही त्याच बनावटीचं आणि प्रकारचं इंजिन बदलण्याची सोपी सोय द्यावी, आणि ‘त्याच प्रकारचं’ याची व्याख्या परिपत्रकाने स्पष्ट करावी.

६. स्क्रॅपिंग केंद्रातून विकल्या जाणाऱ्या इंजिनाला नंबरासह दाखला मिळावा.

७. ज्या गाड्यांत इंजिन आधीच बदललेलं आहे, त्यांना सहा महिन्यांची एकच संधी द्यावी. मालक स्वतःहून गाडी आणेल, तपासणी होईल. पास झाली तर नोंद, दुरुस्त होण्यासारखी असेल तर मुदत, चेसिस गेलेलं असेल तर भंगारात.

तपासणीचा तक्ता ठरवताना तुमचे निरीक्षक आणि आमचे फिटर एका रॅम्पखाली उभे राहावेत, अशी आमची विनंती आहे. डायल गेज, अँगल गेज, व्हॅक्यूम गेज आणि एक नीट, एक बिघडलेली अशा दोन गाड्या आम्ही आणू. दिवस तुम्ही सांगा, आणि या पत्राचं उत्तर लेखी द्या.

आपले,
मुंबई-ठाण्यातील इंजिन फिटर, वायरमन, लेथ कामगार आणि पिकअप मालक